ढगातले दप्तर

द्वितीय वर्ष, कला

आपल्या वार्षिकात विद्यार्थिनींनी कशावर लिहावे याचे एक न लिहिलेले वेळापत्रक आहे. हुंडा, पर्यावरण, ‘आजचा तरुण कोठे चालला आहे?’ आणि आईवर एक कविता. मीही गेल्या वर्षी आईवर कविता दिली होती. ती जागेअभावी परत आली. (कविता वाचली तर संपादकांचेच बरोबर होते.) यंदाचा माझा विषय ऐकून मैत्रीण म्हणाली, “घरात कॉम्प्युटर नाही आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगवर लेख लिहितेस होय गं?”

तिचे म्हणणे खोटे नाही. आमच्या घरात संगणक नाही. बारावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पण २०२४ च्या जूनपासून मी रोज दुपारी एक ते सहा एका संगणकासमोर बसते, आणि तो संगणक माझा नाही. माझा असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या समोर झेरॉक्सची जी रांग आहे, तीतल्या एका दुकानात मी काम करते. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याचे कागद अपलोड करून देणे, असे सर्व काही तेथे होते. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. माणूस सज्जन आहे. परीक्षेच्या दिवसांत मला तासभर आधी सोडतात आणि पगार कापत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिकत वाचून कोणी त्यांच्यावर राग धरू नये.

त्या जूनमध्ये काकांनी दुकानासाठी नवा संगणक घेतला. काकांचा मुलगा पुण्याला इंजिनियरिंगला आहे. त्याला मी दादा म्हणते. दादा रविवारी आला आणि त्याने संगणक जोडला. चालू करताना संगणकाने ईमेलचे खाते मागितले. काकांनी मोठ्या उत्साहाने दुकानाचा मोबाईल नंबर सांगितला. दादा हसला, त्याने स्वतःचे खाते घातले, ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ अशी चार-पाच बटणे दाबली, आणि रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला गेला. एवढेच घडले. यात कोणी चोरी केली नाही, कोणी कोणाला फसविले नाही. पण त्या ‘मान्य आहे’मध्ये काय काय मान्य झाले हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हते.

आणि मग जुलै आला. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे ते दिवस कोणी विसरले नसेल. दरमहा दीड हजार रुपये मिळणार म्हणून पहाटेच्या पहिल्या गाडीने बायका यायच्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, हमीपत्र, फोटो. दुकानासमोर चपलांचा ढीग पडायचा. मी एकेकीचे कागद स्कॅन करायची, तिच्या नावाचे फोल्डर करायची आणि ते गावाच्या नावाच्या मोठ्या फोल्डरात टाकायची. ही सगळी फोल्डरे डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर समोरच, ठेवायची. कारण एकच: डोळ्यासमोर राहते. ज्याने कोणी दुकानात काम केले असेल त्याला हे कारण पुरेसे वाटेल. कपाटात ठेवलेले विसरते, टेबलावर ठेवलेले विसरत नाही.

त्याच सुमारास एक गंमत दिसू लागली. डेस्कटॉपवर मधूनच एखाद्या मोटारीच्या शर्यतीच्या गेमचे चित्र उगवायचे. दाबले तर उघडायचे नाही. काकांना वाटले मी कामाच्या वेळी गेम खेळते. मला वाटले रात्री दुकान बंद झाल्यावर काका खेळतात. आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारले नाही! विचारले असते तर पुढचा प्रसंग टळला असता असे आता वाटते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी मी दुकानात आले, संगणक चालू केला, आणि डेस्कटॉप कोरा. गावांची फोल्डरे नाहीत, काही नाही. एकशे चाळीसच्या वर बायकांचे कागद होते ते. त्यातल्या निम्म्यांचे अर्ज अजून भरावयाचे होते, कारण साईट दिवसा चालत नसे. काकांनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. “काय दाबलंस गं?” एवढेच विचारले. पण या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो. ज्या घरात कोणी यंत्राला हात लावलेला नाही अशा घरातल्या मुलीला या प्रश्नाची भीती जन्मापासून असते. मिक्सर बंद पडला तरी ‘काय दाबलंस’, मोबाईल अडकला तरी ‘काय दाबलंस’. मी खरोखरी काहीही दाबले नव्हते, आणि तरीही मी मनात आठवू लागले की काल जाताना मी काय दाबले होते. संगणकातली कचऱ्याची पेटी पाहावी हेसुद्धा त्या घबराटीत दोघांनाही सुचले नाही.

अर्ध्या तासाने पुण्याहून दादाचा फोन आला. तो वैतागला होता. “पप्पा, माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर दोन महिने रोज आधार कार्डं येऊन पडतायत. मला वाटलं व्हायरस आहे. जागा भरली म्हणून मेसेज आला, तेव्हा काल रात्री सगळं उडवलं. आता माझ्या लक्षात येतंय, ते तुमचं तर नाही ना?”

ते आमचेच होते.

आता हे कसे झाले ते सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. पण आपल्या वर्गात हे माहीत असणारे किती आहेत, हे मी विचारून पाहिले आहे. संगणकाच्या परीक्षेत आपल्याला पानाला नक्षीची चौकट कशी काढावी हे शिकविले गेले, हे नाही.

इंटरनेटवर कंपन्यांची मोठमोठी गोदामे आहेत, आपल्या फाइली तेथे ठेवण्याच्या सोयीला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणतात. ड्रॉपबॉक्स ही सोय २००८ साली सर्वांना खुली झाली, गूगल ड्राइव्ह २०१२ साली आले, मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह विंडोजबरोबरच येते. यांची एक खुबी सारखी आहे, तिला ‘सिंक’ म्हणतात. सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या वह्या एकसारख्या ठेवणे. आमच्या गावच्या दूध डेअरीत एक वही डेअरीत असते आणि एक कार्ड गवळ्याच्या घरी असते. सकाळी दोन्हींत एकच आकडा पडतो. आता अशी कल्पना करा की गवळ्याने घरी कार्डावरचा आकडा रबराने खोडला, तर डेअरीतल्या वहीतला आकडाही आपोआप खोडला जाईल. म्हणजे सिंक! एकाच खात्याने दोन संगणक जोडले आणि दोन्हींच्या डेस्कटॉपला सिंक लावले, तर दोन टेबले राहत नाहीत, एकच टेबल होते. त्याच्या एका बाजूला मी बसले होते आणि दुसऱ्या बाजूला, पुण्यात, दादा. तो गेमचे चित्र ठेवी ते माझ्याकडे उगवे. मी आधार कार्ड ठेवी ते त्याच्याकडे. आणि त्याने टेबल पुसले तेव्हा माझेही पुसले गेले.

त्या संध्याकाळी दादाने ढगातल्या कचरापेटीतून सगळे परत काढले. गूगल ड्राइव्ह काय किंवा घरगुती खात्याची वनड्राइव्ह काय, खोडलेली फाइल तेथे तीस दिवस पडून असते, मग कायमची जाते. आमचा एकच दिवस गेला होता म्हणून निभावले. गणपतीनंतर लक्षात आले असते तर बायकांना पुन्हा पहाटेच्या गाडीने बोलवावे लागले असते, आणि त्यांनी काय म्हटले असते ते या अंकात छापता येणार नाही.

राखी पौर्णिमेला, १९ ऑगस्टला, दादा गावी आला आणि दुकानात संगणकापाशी बसला. मी मागे उभी राहून पाहत होते. काय जोडले गेले आहे हे दाखविण्यासाठी त्याने आपला मोबाईल काढला. त्याचे तेच खाते मोबाईलवरही होते. त्याने फोटोंची रांग वर सरकवली. लोणावळ्याला धबधब्याखाली भिजलेले त्याचे मित्र, वाढदिवसाचा केक, आणि मध्येच पदर डोक्यावरून घेतलेल्या बायका. एकामागून एक, पासपोर्टच्या आकाराच्या, निळ्या पडद्यासमोर बसलेल्या. मग पुन्हा कुणाच्या तरी मोटारसायकलचा फोटो. मग पुन्हा बायका. त्यात माझी आई होती.

दादा माझ्याइतकाच शरमला. त्याने मोबाईल पटकन उलटा ठेवला. त्याने ते फोटो कधी पाहिलेही नसतील, किंवा दिसले तरी अंगठ्याने पुढे सरकवले असतील. तो भला मुलगा आहे. पण माझ्या मनात त्या दिवसापासून एक गोष्ट घर करून बसली आहे. तो भला नसता तर? त्याचा मोबाईल खोलीतल्या दुसऱ्या कोणी हाताळला असता तर? आधारचा नंबर, बँकेच्या खात्याचा नंबर, मोबाईल नंबर, फोटो, सही किंवा अंगठा, एका फोल्डरात इतक्या व्यवस्थित लावून ठेवलेले, आणि लावून ठेवणारी मी.

आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात सांगितले होते, पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. जमीन कोणाची, वाटणी कशी, कर्ज किती, सगळे त्या रुमालात बांधलेले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतने गेली. त्यामुळे काय झाले? दप्तर एका घरातून उठून सरकारी चावडीत आले. ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला आता बदली होते, सही करावी लागते, जबाब द्यावा लागतो. माझ्या आजोबांना आपला सातबारा वाचता येत नव्हता, तरी तो कोठे ठेवला आहे हे त्यांना ठाऊक होते. मला तो वाचता येतो. पण माझ्या आईचे आधार कार्ड कोठे ठेवले आहे हे मला, ते ठेवणारीला, ठाऊक नव्हते. दप्तर पुन्हा एका घरी जाऊन पडले होते. फक्त त्या घरालाही ते ठाऊक नव्हते, एवढाच फरक.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की कामाच्या ठिकाणच्या संगणकावर काय ढगात जाते आणि कोणाच्या खात्यात जाते, ही गोष्ट ‘पुढे, पुढे, मान्य आहे’ यावर सोडता कामा नये. ती कोणी तरी ठरवावी, ज्याने ठरवली त्याचे नाव सर्वांना ठाऊक असावे, आणि त्या संगणकावर प्रत्यक्ष हात चालविणाऱ्याला ती आधी सांगावी. मोठ्या कंपन्यांत असे होते. तेथे संगणकांचा एक अधिकारी असतो. तो एका ठिकाणी बसून ठरवतो की या कचेरीतल्या यंत्रांवर फक्त कंपनीचेच खाते चालेल, घरचे चालणार नाही, अमुक फोल्डरे ढगात जातील, तमुक जाणार नाहीत. कारकुनाला ते बटण बदलताही येत नाही. त्याचा जाच होत असेलही, पण निदान चूक झाली तर कोणाला विचारावयाचे ते ठाऊक असते. आमच्या दुकानात तो अधिकारी कोण? काका? त्यांना ईमेल नाही. दादा? तो पुण्यात. उरले मी, महिना तीन हजारांवर. देशातले कितीतरी कागद मोठ्या कचेऱ्यांत नव्हे, आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या दुकानांतून जातात. वकिलाच्या टेबलावर, सोसायटीच्या सचिवाच्या खोलीत, दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत, सगळीकडे एक संगणक असतो आणि त्याला कुणाच्या तरी भाच्याचे खाते असते.

दादाने त्या दिवशी जे केले ते सोपे होते, पण सरळ नव्हते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळाशेजारी एक लहानसा ढग असतो. त्यावर दाबून सेटिंगमध्ये गेले की बॅकअपची यादी दिसते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. तिन्हींपुढे बटण चालू होते. त्याने ते बंद केले आणि डेस्कटॉप पुन्हा कोरा झाला! या वेळी मात्र काकांनी माझ्याकडे पाहिले नाही, दादाकडे पाहिले. त्याचे असे असते की बटण बंद केल्याने ढगाशी यापुढचा संबंध तुटतो, पण आधीच्या फाइली ढगाच्या फोल्डरातच राहतात. त्या हाताने उचलून परत आपल्या जागी आणाव्या लागतात. मग दादाने खाते त्या संगणकापासून तोडले, काकांना दुकानाच्या नावाचे नवे खाते काढून दिले, आणि गिऱ्हाइकांचे कागद ठेवायला ‘डी’ ड्राइव्हवर एक फोल्डर केले, जे ढगात जात नाही. नव्या खात्याचा पासवर्ड काकांनी वहीत लिहिला आणि वही गल्ल्यात ठेवली. दादाने डोक्याला हात लावला. पण मला विचाराल तर गल्ल्याला कुलूप असते.

फाइलीच्या चित्रावर जी बारीक चिन्हे दिसतात तीही मी तेव्हाच शिकले. वनड्राइव्हमध्ये नुसत्या रेघेचा निळा ढग असेल तर ती फाइल आपल्या यंत्रात नाहीच, नाव तेवढे आहे. हिरवी टिकली असेल तर यंत्रात आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो ढगाच्या चिन्हाच्या फाइलीवर विसंबून बसतो आणि नेट गेले की अडकतो. गूगल ड्राइव्हमध्येही असेच दोन प्रकार आहेत, एकात फाइली ढगात राहतात आणि लागतील तशा येतात, दुसऱ्यात त्यांची प्रत यंत्रावरही राहते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ टॉवरही जातो. तहसीलची मुदत मात्र जात नाही.

काहीजण म्हणतील, ही मुलगी ढगाला घाबरली. तसे नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरले, तेव्हा घराघरांतल्या आणि दुकानांतल्या कागदांचा लगदा झाला. ज्यांच्या कागदांची एक प्रत दूर कोठे तरी सुरक्षित होती त्यांचे एवढे तरी वाचले. दूरची प्रत हवीच. माझी तक्रार अशी की आपण सिंकलाच राखण समजतो, आणि ते चूक आहे. राखण म्हणजे खळ्यावरचे धान्य कोणी उधळले तरी कणगीतले जागेवर असणे. सिंकमध्ये खळे उधळले की कणगीही उधळते, फार तर तीस दिवस पश्चात्तापाला मिळतात. ज्याला राखण हवी त्याने दुकानाचे हिशेब आणि आपले स्वतःचे कागद आठवड्याला एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि ती डिस्क काढून ठेवावी. काकांनी ती घेतली आहे. दर शनिवारी मी ते करते.

पण गिऱ्हाइकाचे कागद? येथे काकांचे आणि माझे अजूनही पटत नाही. काका म्हणतात, “राहू दे गं, पुन्हा लागतात. बाई परत आली की परत स्कॅन करायला नको.” त्यात त्यांचा लोभ नाही, उलट पुन्हा आलेल्या बाईचे दहा रुपये वाचतात. आणि बायकांनाही ते आवडते. “काकांच्या कॉम्प्युटरात माझं सगळं हाय,” असे त्या अभिमानाने सांगतात, जणू बँकेत लॉकर आहे. मला मात्र वाटते की अर्ज भरला, पावती हातात दिली, की त्या बाईचा कागद आमच्या यंत्रात राहण्याचे कारण संपले. ठेवायचा तर तिला विचारून ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याचा पायाच माणसाची संमती हा आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात मी यावर टीप लिहिली, गुणही मिळाले. पण दुपारी एक वाजता दुकानात आल्यावर ती टीप कोठे लावावयाची हे पुस्तकात नव्हते. आमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या मावशीला मी ‘संमती’ म्हटले तर तिला वाटेल मी तिच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलते आहे.

मग मी साध्या शब्दांत विचारू लागले. “मावशी, तुमचे कागद मशिनीत ठेवू का पुसू?” बहुतेकजणी म्हणतात, “ठेव की, काय खातंय का ते?” दहातली एखादी थांबते आणि विचारते, “ठेवलं तर कोण बघतंय?” त्या एकीसाठी मी सगळ्यांना विचारते. रांग लांबते, काका घड्याळाकडे बघतात, पण अजून तरी मला थांबविलेले नाही. आधार कार्डावरचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत सरकारच्याच साईटवरून काढता येते, जेथे ती चालते तेथे मी तीच काढून देते. हे मला कोणी शिकविले नाही, दादाच्या मोबाईलमधल्या त्या रांगेने शिकविले.

आपल्यातले पुष्कळजण माझ्यासारखेच अर्धा दिवस कोठे ना कोठे कामाला जातात. मेडिकलमध्ये, पतसंस्थेत, सेतू केंद्रात, कोचिंग क्लासच्या कचेरीत. आपल्याला कामावर घेतात तेव्हा टायपिंग येते का हे विचारतात. आपणही एक प्रश्न विचारावयास हरकत नाही. या संगणकाला खाते कोणाचे आहे? मालकाला तो आगाऊपणा वाटेल. मलाही एके काळी वाटला असता, कारण ‘काय दाबलंस’ ऐकत वाढलेल्या माणसाला यंत्राविषयी प्रश्न विचारण्याचा आपला अधिकारच नाही असे वाटत असते. पण काही हरवले तर विचारणा आपल्याकडेच होणार. मग आधी एकदा आपण विचारले तर काय बिघडले?

राखीच्या त्या संध्याकाळी मी घरी गेले. आई चुलीपुढे होती. सांगू की नको असे करीत शेवटी सांगितले. बाकीच्या एकशे चाळीस जणींना कोणी सांगितले नाही, काकांनी नको म्हटले आणि मीही गप्प बसले. त्याची बोच अजून आहे, म्हणून ते येथे लिहिते आहे. आईला मात्र सांगितले.

आईने भाकरी उलटली. म्हणाली, “काकांच्या पोराच्या मोबाईलात? माझा फोटू?”

“हो. मुद्दाम नाही घेतला त्याने. आपोआप गेला.”

“मग परत आणला का?”

मी म्हटले, दुकानात आणला, आणि त्याच्याकडचा दादाने पुसून टाकला.

“पुसला म्हंजे गेला न्हवं?”

ढगातली कचरापेटी त्याने रिकामी केली का, हे मी दादाला विचारले नव्हते. संकोच वाटला होता. मी आईला म्हटले, “तीस दिवस जायला लागतील. मग नक्की जातो.”

आईने बोटांवर मोजले. “म्हंजे गणपती बुडाल्यावर,” म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.